भयकथांतले गणगोत

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, आहारशास्त्र किंवा मुलांचे संगोपन असा एखादा विषय असावयाचा. आज मी मात्र भुताखेतांच्या गोष्टी लिहिणाऱ्या एका अमेरिकन लेखकाला घेऊन आपल्यापुढे उभी आहे. पत्रिकेवरचा विषय वाचून "हळदीकुंकवाच्या दिवशी हे काय अभद्र!" असे कोणी म्हणाल्याचे माझ्या कानावर आले. मी त्यांना एवढेच विनविते की माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे आणि मग काय तो निकाल द्यावा.

आपल्या मंडळाची पुस्तक-भिशी आपणांस ठाऊक आहेच. दरमहा प्रत्येकीने एक पुस्तक घरी न्यावयाचे, वाचावयाचे, आणि पुढच्या बैठकीत त्याची गोष्ट सर्वांना सांगावयाची. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी इंग्रजी पुस्तके न्यावीत, ज्यांना येत नाही त्यांनी मराठी न्यावीत. ऐकण्याचा हक्क मात्र सर्वांना सारखा. ह्या भिशीत स्टीफन किंग ह्या लेखकाची पुस्तके आली आणि बघता बघता आमच्या बैठकांचा रंग पालटला. एरवी पुस्तक सांगून झाले की चहा येतो. ह्या लेखकाच्या बाबतीत पुस्तक सांगून झाले की वाद सुरू होऊ लागले. "अहो, हा आचारी मागच्या पुस्तकात होता!" "हे गाव तेच नव्हे का?" "पण त्या गोष्टीत तर सगळे जग मेले होते, मग हे लोक कुठून आले?" चहा निवून जाऊ लागला.

प्रथम लेखकाची ओळख करून देते. स्टीफन किंग यांचा जन्म २१ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील घर सोडून गेले ते परत आलेच नाहीत. आईने धुलाईच्या कारखान्यात, बेकरीत, मिळेल तेथे काम करून दोन मुलगे वाढविले. 'कॅरी' ही त्यांची पहिली कादंबरी १९७४ साली छापून आली, त्याच्या काही महिने आधी, १९७३ च्या डिसेंबरात, ती माउली वारली. ह्या 'कॅरी'ची पहिली पाने लेखकाने कचऱ्याच्या टोपलीत फेकली होती. शाळकरी मुलींचे जग आपल्याला कुठे ठाऊक, असे त्यांना वाटले. पत्नी टॅबिथा यांनी ती पाने टोपलीतून काढली, वाचली आणि पुढे काय होते ते मला कळले पाहिजे असे सांगितले. एका आईचे कष्ट आणि एका पत्नीचे कुतूहल ह्यांवर हा लेखक उभा आहे, हे मी सर्वांत आधी सांगून ठेवते.

आता मुख्य विषय. ह्या लेखकाने साठांहून अधिक पुस्तके लिहिली, आणि त्यांतली पुष्कळशी एकमेकांशी जोडलेली आहेत. नकाशात शोधून न सापडणारी डेरी, कॅसल रॉक, जेरुसलेम्स लॉट अशी गावे त्यांनी मेन राज्यात वसविली. डेरी हे गाव बरेचसे त्यांच्या स्वतःच्या बँगोर शहरावरून घेतलेले आहे. ह्या गावांतली माणसे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात ये-जा करतात. वाचक ह्या वाटा शोधतात, त्यांच्या याद्या करतात आणि एकमेकांना सांगतात. लेखकाच्या मेहुणीच्या संपादनाखाली १९८५ साली 'कॅसल रॉक' नावाचे वार्तापत्रच निघाले होते आणि ते १९८९ पर्यंत चालले. पुढे लेखकालाच आपल्या पसाऱ्याचा हिशेब राहीना, तेव्हा त्यांनी रॉबिन फर्थ ह्या बाईंना खास त्या कामावर नेमले. बाईंनी 'द डार्क टॉवर' ह्या मालिकेतली माणसे, गावे, वस्तू, बोलीतले शब्द ह्या सर्वांची सूची तयार केली. तिचा पहिला भाग २००३ साली प्रसिद्ध झाला. घरात कुठे काय ठेवले आहे हे घरच्या पुरुषाला ठाऊक नसते, ते बाईला विचारावे लागते, हा नियम साहित्यातही लागू पडतो असे दिसते!

आमच्या भिशीतही अशीच एक वही आहे. तालुका कचेरीतून निवृत्त झालेल्या आमच्या एका सभासद वहिनींनी ती घातली. प्रत्येक पात्राचे नाव, गाव, पहिल्यांदा कोणत्या पुस्तकात आले, पुढे कोठे गेले, हे सारे फेरफाराच्या नोंदीसारखे त्यात चढविलेले असते. ती वही चाळताना मला ह्या दुव्यांच्या तीन जाती दिसल्या.

पहिली जात ओळखीची. रस्त्याने जाताना कोणी ओळखीचे दिसावे, मान हलवावी आणि पुढे जावे, तेवढाच तो संबंध. 'पेट सिमेटरी' ह्या १९८३ च्या कादंबरीत एक आई रात्रीची एकटी मोटार हाकीत घराकडे निघाली आहे. वाटेत तिला 'जेरुसलेम्स लॉट' अशी पाटी दिसते, आणि हे नाव काही बरे वाटत नाही असे तिच्या मनात येऊन जाते. तिला काहीच ठाऊक नाही. पण ज्यांनी १९७५ ची 'सालेम्स लॉट' वाचली आहे, त्यांना ते अख्खे गाव रक्तपिपासूंनी गिळले हे ठाऊक असते. पाटी दिसते तिला, आणि काटा येतो आपल्या अंगावर! 'मिझरी' ह्या पुस्तकातही 'द शायनिंग'मधल्या जळालेल्या हॉटेलचा असाच जाता जाता उल्लेख येतो. ह्या दुव्यांनी कथा पुढे सरकत नाही, पण जेवणातल्या चटणीसारखी त्यांची चव जिभेवर राहते.

दुसरी जात सोयरिकीची. येथे एका गोष्टीतले माणूस दुसऱ्या गोष्टीचे खरोखरीच काही लागते. 'सालेम्स लॉट'मध्ये कॅलाहन नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू आहेत. ऐन प्रसंगी त्यांची श्रद्धा डळमळते, त्या पिशाचापुढे त्यांचा पराभव होतो आणि विटाळलेल्या मनाने ते बसमध्ये बसून गाव सोडतात. पुस्तक तेथे त्यांना सोडून देते. वाचकांनी मात्र त्यांना सोडले नाही. त्या धर्मगुरूंचे पुढे काय झाले, हा प्रश्न राहिलाच. आणि २८ वर्षांनी, २००३ साली, 'वुल्व्ज ऑफ द काला' ह्या कादंबरीत ते पुन्हा भेटतात. ते एका दूरच्या जगातल्या शेतकऱ्यांच्या गावी येऊन राहिलेले आहेत आणि गावाच्या पाठीशी उभे आहेत. पुढच्या वर्षी आलेल्या शेवटच्या खंडात त्यांना मरण येते, पण ते ताठ मानेने. एकदा पडलेल्या माणसाला उठून उभे राहण्यासाठी कधी कधी एक पुस्तक पुरत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

असेच डिक हॅलोरन ह्या आचाऱ्याचे. 'द शायनिंग'मध्ये (१९७७) तो एका हॉटेलातला मुदपाकवाला आहे, आणि एका लहान मुलाच्या जिवासाठी तो बर्फाच्या वादळातून धावून येतो. पुढे १९८६ साली 'इट' ही हजाराहून अधिक पानांची कादंबरी आली. तिच्यात जुन्या काळचा एक प्रसंग आहे. काळ्या सैनिकांचा एक छोटासा करमणुकीचा अड्डा वर्णद्वेष्टे गोरे लोक पेटवून देतात. त्या आगीतून काहींचा जीव वाचविणारा जो तरुण सैनिक-आचारी, तो हाच डिक हॅलोरन. त्याने वाचविलेल्यांपैकी एकाला पुढे मुलगा होतो, आणि डेरी गावातल्या सैतानी शक्तीशी झुंजणाऱ्या सात मुलांपैकी तो एक असतो. म्हणजे पहा, त्या रात्री एका आचाऱ्याने हात दिला नसता तर पुढचे गाव वाचले नसते. दोन्ही पुस्तकांत हा माणूस दुय्यमच आहे. दोन्ही जोडल्यावर मात्र तो किती थोर आहे ते दिसते. आपण आयुष्यभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायका. हा दुवा आमच्या बैठकीत सर्वांत आधी कोणाला आवडला असेल, हे सांगावयास नकोच.

वहीत वादाच्या नोंदीही आहेत. 'द स्टँड' ह्या कादंबरीत साथीच्या रोगाने जवळजवळ सारी माणसे मरतात. मग इतर पुस्तकांतली माणसे जगतात कशी? शिवाय १९७८ च्या आवृत्तीत ती साथ १९८० साली येते आणि १९९० च्या वाढविलेल्या आवृत्तीत १९९० साली. कचेरीतल्या वहिनींनी दोन्हींवर लाल शाईने प्रश्नचिन्हे घातली. ह्याचे उत्तर 'द डार्क टॉवर' मालिकेत मिळते. लेखकाची कल्पना अशी की जगे अनेक आहेत आणि ती सर्व एका काळ्या मनोऱ्याच्या आधाराने उभी आहेत. एका जगात साथ आली, दुसऱ्यात आली नाही. त्या मनोऱ्याला आधार देणाऱ्या तुळयांचे राखणदार प्राणी आहेत आणि त्यांतले एक कासव आहे. आमच्यातल्या एक आजी हे ऐकून म्हणाल्या, "मग त्यात नवल काय? आपल्या देवळातही देवाच्या समोर कासवच असते." चर्चा तेथेच मिटली.

ही मालिका लेखकाने १९७० साली, विद्यार्थिदशा संपता संपता लिहावयास घेतली. पहिला खंड १९८२ साली आला आणि कथा संपली ती २००४ साली. चौतीस वर्षे! मधल्या काळात १९ जून १९९९ रोजी रस्त्याने पायी जाताना एका मोटारीने त्यांना उडविले आणि ते मरता मरता वाचले. हा अपघातसुद्धा त्यांनी शेवटच्या खंडात कथेचा भाग करून टाकला. त्यांना आलेल्या एका पत्राची हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. पत्र ८२ वर्षांच्या एका आजीबाईंचे होते. कर्करोग झालेला, वर्ष-सव्वा वर्षाचे आयुष्य उरलेले. आजीबाईंची विनंती एवढीच की ह्या मालिकेचा शेवट काय होणार ते मला आधी सांगा, मी कोणाला सांगणार नाही. लेखकाचा नाइलाज असा की तो शेवट त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हता. जाण्याआधी त्या बाईंना दुसरे काही नको होते. गोष्ट अर्धी ठेवून जावयाचे नव्हते. मला वाटते, दुवे शोधणाऱ्या सर्व वाचकांच्या मनात हीच एक इच्छा असते. कोणी अर्धे राहू नये, कोणी हरवू नये.

आता तिसरी जात, सुखदुःखाच्या दुव्याची. ह्याच एका दुव्यासाठी मी आजचा विषय घेतला आहे.

२० जुलै १९६३ रोजी मेन राज्यावरून खग्रास सूर्यग्रहण गेले. हे ग्रहण खरे, पंचांगातले. किंग त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. पुढे १९९२ साली त्यांनी ह्या ग्रहणाभोवती दोन कादंबऱ्या पाठोपाठ प्रसिद्ध केल्या: 'जेरल्ड्स गेम' आणि 'डोलोरिस क्लेबोर्न'. मुळात दोन्ही मिळून एकच ग्रंथ करावा असा विचार होता. दुसरी कादंबरी लेखकाने आपल्या आईला अर्पण केली आहे. ह्या दोन्हींत भूत नाही म्हटले तरी चालेल. जे आहे ते घरात आहे.

पहिलीत जेसी नावाची दहा वर्षांची मुलगी आहे. सारे घर ग्रहण पाहावयास गेलेले, ती वडिलांबरोबर तळ्याकाठच्या घरी मागे राहिलेली. भर दिवसा अंधार पडतो आणि त्या अंधारात वडील तिच्याशी जे वर्तन करतात, ते कोणत्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये. वर तिलाच गप्प राहण्याची शपथ घालतात. तीस वर्षे ती ते कोणाला सांगत नाही.

दुसरीत डोलोरिस आहे. एका बेटावर राहणारी, श्रीमंत घरी धुणीभांडी आणि घरकाम करणारी. आपला नवरा आपल्याच मुलीच्या वाटेला जातो आहे हे तिला कळते. तिने मुलांच्या शिक्षणासाठी घाम गाळून पैसे साठविलेले असतात. ते घेऊन मुलांसह निघून जावे म्हणून ती बँकेत जाते. तेथे कळते की नवऱ्याने ते आधीच काढून नेले. त्याला कोणी अडविले नाही आणि हिला कोणी कळविले नाही. हेच उलट घडले असते, मी काढावयास आले असते, तर तुम्ही त्याला कळविल्याशिवाय राहिला असता काय, असे ती त्या अधिकाऱ्याला विचारते. त्याच्याजवळ उत्तर नसते. सगळी दारे बंद झालेली ही बाई ग्रहणाच्या दिवशी नवऱ्याला झुडपांत दडलेल्या एका पडक्या विहिरीकडे नेते. ती ते कबूल करते, आणि पुस्तक म्हणजे तिची पोलिसांपुढची सलग जबानीच आहे. त्यात प्रकरणे नाहीत. तिने केले ते योग्य असे मी म्हणत नाही आणि लेखकही म्हणत नाही. तिला दुसरे दार का दिसले नाही, एवढेच तो आपणांस पाहावयास लावतो.

आणि आता दुवा. त्याच अंधाराच्या घटकेला, शंभर कोसांवर असल्यासारख्या ह्या दोघी एकमेकींना क्षणभर दिसतात. मुलीला विहिरीशी वाकलेली एक अनोळखी बाई दिसते. बाईला वडिलांच्या मांडीवर बसलेली एक अनोळखी मुलगी दिसते, आणि हिचे काहीतरी वाईट चालले आहे हे ती ओळखते. दोघींची पुढे कधी गाठ पडत नाही. एकीला दुसरीचे नावही कळत नाही. पुढे कित्येक वर्षांनी ती मुलगी, आता प्रौढ बाई, एका एकाकी घरात जखडून पडलेली असते, नवरा समोर मरून पडलेला असतो. तेव्हाही डोलोरिसच्या मनात कळ उठते की ती पोर पुन्हा संकटात आहे.

आमच्या बैठकीत ह्या दोन कादंबऱ्या दोघींनी वेगवेगळ्या महिन्यांत सांगितल्या होत्या. दुसरी चालू असताना, इंग्रजीचे अक्षरही न येणाऱ्या आमच्या एका काकू एकदम म्हणाल्या, "थांबा. मागे त्या वहिनींनी सांगितली त्या पोरीच्या गोष्टीतही ग्रहणच होते ना? आणि तिला विहिरीपाशी कोण बाई दिसली होती?" खोलीत शांतता पसरली. वाचणाऱ्या दोघींनी एकेकच पुस्तक वाचले होते. ऐकणारीने दोन्ही ऐकली होती, म्हणून दुवा तिला सापडला. त्या दिवशी बैठक संपल्यावर एक भगिनी मागे थांबल्या. त्या काय बोलल्या हे सांगण्याची ही जागा नव्हे. एवढेच सांगते की पुष्कळ वर्षांत त्या ते प्रथमच बोलल्या, आणि ऐकावयास आम्ही तिघी होतो.

म्हणून अभद्राचा आरोप मला मान्य नाही. अभद्र ते घडते, तेव्हा घडते. त्याची गोष्ट सांगितल्याने ते घडत नाही. डोलोरिसला १९६३ साली जे दार दिसले नाही ते आज आपल्याकडे आहे. मुलांवरील अशा अत्याचारांविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते मंडळाच्या फलकावर ठळक लिहावेत, अशी माझी आजच्या सभेला सूचना आहे.

जाता जाता एक दुवा आपल्या घरचा. किंग यांची 'ग्रॅमा' नावाची एक कथा आहे, अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकट्या राहिलेल्या मुलाची. आपले भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांनी त्या कथेवरून मराठीत 'आजी' आणली. धारपांचा 'समर्थ'ही पुस्तकामागून पुस्तकांत संकटाला धावून येत असे, हे जुन्या वाचक भगिनींना आठवत असेल. त्या 'आजी'ची छाया २०१८ साली आलेल्या, कोकणातल्या वाड्यात घडणाऱ्या 'तुंबाड' ह्या हिंदी चित्रपटावर पडली आहे. चित्रपटातल्या लोभी देवाचे नाव हस्तर. आता गंमत पहा. 'ग्रॅमा'त हास्तुर हे नाव येते. ते लव्हक्राफ्ट ह्या जुन्या अमेरिकन भयकथाकाराच्या १९३१ च्या एका कथेत आहे. त्याच्या आधी चेंबर्स ह्या लेखकाच्या १८९५ च्या पुस्तकात आहे. आणि त्याच्याही आधी अँब्रोज बिअर्स यांच्या एका कथेत तो मेंढपाळांचा साधाभोळा देव आहे. धनगरांचा देव वाटेत कोठेतरी बिघडला आणि नाव सांगत सांगत कोकणात येऊन पोहोचला! कचेरीतल्या वहिनींच्या वहीत ह्याची नोंद घेताना रकाने पुरले नाहीत.

भगिनींनो, लग्नकार्यात नवी माणसे भेटली की आपण प्रथम काय करतो? तुम्ही कुठल्या, माहेर कुठले, अमक्या तमक्या तुमच्या कोण, असे विचारीत विचारीत नाते काढतो, आणि ते निघाले की आपल्याला बरे वाटते. पुस्तके वाचणारे हे लोक तेच करीत असतात. फरक इतकाच की गोष्टीतली माणसे आपल्याशी आपण होऊन बोलत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्यालाच लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष ठेवण्याची सवय पुस्तकात लागली तर ती शेजारच्या घरापर्यंतही जाते, असा माझा अनुभव आहे. आपल्या मंडळाची प्रत्येक सभासद म्हणजे एकेक वेगळे पुस्तक आहे. भिशीला या, वाचता येत असेल तर वाचा, नसेल तर ऐका. दुवा कोणाला सापडेल हे सांगता येत नाही.